ही वायर कापू नये

बेथेलच्या धावपट्टीकडेला, पत्र्याच्या हँगरात,
वासिलीचं विमान नाक वर करून उभं आहे.
आज त्याचा रेडिओ काढायचा.
रेडिओ, आणि दिशा दाखवणारा तो काटा,
आणि दोघांच्या मागचा पन्नास वर्षांचा गुंता.

बाहेर उणे बावीस. आत हीटर ठसकतोय.
पॅनेलचे स्क्रू मी उलट्या टोपीत जमा करते.
टिमफी, विजेरी धर.
अरे, माझ्या डोळ्यांत नाही.

रेडिओ हातात आला आणि खांदा खाली गेला.
वजनाच्या काट्यावर मांडला: साडेतीन किलो.
मग काटाही काट्यावर ठेवला.
वहीत दोन्ही वजा केले.
नवा पडदा माझ्या तळहातात मावतो.

वासिली स्टुलावर बसून कॉफी गार करतोय.
"बाप ह्या काट्यावर घरी यायचा," म्हणतो.
"गावातलं स्टेशन लावायचा.
सॅमनचा भाव, कुणाची हरवलेली कुत्री,
युपिकमधून बातम्या सांगणारी ती बाई.
काटा तिच्या आवाजाकडे वळायचा.
खाली धुकं, वर धुकं,
पण बाई बोलतेय तोवर घर होतं.
दहाला स्टेशन बंद.
दहाच्या आत उतरायचं, बस."

"आणि वीज चमकली की?"
मला ठाऊक आहे, तरी विचारते.
"मग घर सोडून तिच्याकडे!
बाप म्हणायचा, थांब जरा,
येईल भानावर."

नवा पडदा विजेला भुलत नाही.
नदीचं वळण न् वळण त्याला पाठ,
टेकडी जवळ आली की तांबडा होतो.
मी हळहळत बसणाऱ्यांतली नाही.
टेकडीत शिरलेल्या एका विमानाचा रेडिओ
माझ्या बाकावर आला होता मागच्या हिवाळ्यात.
साधी खरखरही करत नव्हता.
आणि इथलं बीकन तरी कुठे राहिलंय?
तीन वर्षांपूर्वीच बंद केलं.
काट्याला कुणी कळवलं नव्हतं इतकंच.

दुपारी पार मागे, कोपरापर्यंत हात आत,
बोटांना लागलं: माशाचं खवलं,
केसांची पिन, पेन्सिलीचं थोटूक,
आणि कुठल्याच नकाशात नसलेली
एक तपकिरी वायर.
तिला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली:
"ही वायर कापू नये.
कशाची आहे ते कळलं नाही.
हॅल्वर, मार्च १९७४."

मीटर लावला. मुकी.
ओढून पाहिली.
"शेपटीकडे काही हललं का रे?"
"नाही!" टिमफी ओरडला. मग जरा वेळाने,
"बहुतेक नाही."
दीड तास.
मजल्याखालून गेली, एका फासळीला वळसा घातला,
पुढे रंगाच्या थरांत दिसेनाशी झाली.

हा हॅल्वर कोण, कुणालाच आठवत नाही.
वासिलीच्या बापाला आठवला असता कदाचित.
पण अक्षर बघा त्याचं, ओळीला धरून,
न कळलेलं
एवढ्या स्वच्छ अक्षरात लिहून ठेवणारा माणूस.

काळोख पडता पडता पडदा लावला.
वासिलीच्या चष्म्यात हिरवी नदी उजळली.
बोटाने ती पुढे सरकवली, मागे आणली,
स्वतःचं गाव मोठं केलं, लहान केलं.
"बाईचं स्टेशन ह्यात लागतं?"
"नाही."
"हं," म्हणाला, आणि कानटोपी शोधू लागला.

नियमाने ती वायर काढायला हवी होती.
मी टोकाला टोपण चढवलं,
वेटोळं करून फासळीशी बांधलं.
जुनी चिठ्ठी हाताशीच चुरा होत होती,
म्हणून नवी लिहिली:
ही वायर कापू नये.
मलाही कळलं नाही.
खाली नाव, तारीख,
आणि टिमफीच्या हट्टापायी
त्याचंही नाव.