शून्य पूर्णांक सहा

किलोला शून्य पूर्णांक सहा ग्रॅम.
एवढंच. चिमटीत मावतं,
पण चिमटीनं घ्यायचं नाही असा शेडचा नियम,
आणि नियम करणारी मीच.

बेनोड्याच्या रस्त्याला, जिनिंगच्या जुन्या गोदामात
आमचा स्क्वॅश निघतो.
आंबिया बहराची संत्री, व्यापाऱ्यानं ढिगातून बाजूला लोटलेली:
डागाची, लिंबाएवढी, कोळशीनं काळवंडलेली.
बाया सोलतात, मशीन पिळते,
चंद्रकला साखरेचा पाक गाळते
आणि मी काट्यासमोर बसते, नाकाला ओढणी बांधून.

पिशवीवर छापलंय पोटॅशियम मेटाबायसल्फाइट.
हिशोबाच्या वहीत केएमएस.
वच्छला म्हणते, "काडीपेटीचा बुकना."
वच्छलाचंच खरं.
तोंड सोडलं की विझलेल्या काडीचा वास
थेट डोळ्यांत चढतो.

हा वास मला आधीपासून ठाऊक होता.
मोरेश्वर, माझा पाठचा, दिवाळीला कंपनीतून यायचा
तेव्हा त्याच्या शर्टांना हाच.
दोन पाण्यांतून काढले तरी
दोरीवर वाळताना पुन्हा हाच.
"गंधक जाळतो आमी," भाकर मोडत सांगायचा,
"पिवळं गंधक, निळा जाळ.
रात्री पाहशीन तं लय सुंदर दिसते वं ताई.
मंग तो धूर पोटॅशच्या पाण्यात कोंडाचा,
कोंडत राहाचा, पाणी नाही म्हणेपर्यंत.
थंड केलं का पांढरे खडे."
अन् खोकला?
"तो पगारातच धरेल असते."

पुढं वरुडला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं.
मॅडम म्हणाल्या, आंबट रसात पडली
की ही भुकटी पुन्हा वायू होते,
बाटलीतच राहते, राखण करते,
बुरशीला, आंबवणाऱ्या जिवांना श्वास घेऊ देत नाही.
सगळ्या लिहून घेत होत्या.
मी पेन खाली ठेवलं.
म्हणजे त्यानं तिकडे कोंडलेला धूर
आम्ही इकडे संत्र्यात सोडतो.

चैत्रात नागपूरचा शेंदरे आला, दुकानदार.
"ऊन पाहा ना बाई. एक ग्रॅम टाका, काय फरक पडते?"
दम्याच्या पोराला पडते, मी म्हटलं.
तो हसला. दोनशे बाटल्यांची ऑर्डर
त्याच्याच मोटारसायकलवर बसून परत गेली.
वच्छला दोन दिवस बोलली नाही माझ्याशी,
तिच्या पोरीची फी होती त्या बाटल्यांत.
तिला काय सांगणार होते?
काटा दाखवला. तिनं पाहिला नाही.

दर घाणीतली एक बाटली मी कोरी ठेवते,
भुकटीशिवाय, काचेवर खडूची फुली.
मागच्या फळीवर ती आपली आपली जगते:
आधी गढूळ होते, मग बुडबुडे धरते,
मग एखाद्या दुपारी बूच उडून पत्र्याला लागतं
आणि सगळ्या जणी दचकून हसतात.
बाकीच्या बाटल्या तशाच.
नारिंगी, गप्प.

मोरेश्वर आता घरीच असतो.
दसऱ्यापासून शेडमध्ये लेबलं चिकटवतो,
काट्यापासून लांब, दारातल्या स्टुलावर.
'संरक्षक २२४' ही अक्षरं तिळाएवढी,
तिथंच त्याचा अंगठा जास्त दाबतो.
स्क्वॅश पीत नाही. "तुमी प्या," म्हणतो,
आणि ढिगातलं एखादं डागाचं संत्रं सोलत बसतो.
पिशवी सोडण्याआधी मी वारा कुठला आहे ते पाहते.

आज एक पिशवी संपली.
त्यानं मागून घेतली, उलटी केली,
घाणीचा नंबर वाचला, खालची तारीख वाचली,
बोटांवर काहीतरी मोजलं.
"ही माही पाळी," म्हणाला. "रातची."
मग मांडीवर घेऊन घडी घातली तिची,
आधी दोन्ही बाजू आत, मग खालून वर,
शर्टाची घालतात तशी.