पंधरा किलोच्या आत

कास्त्रोच्या बसस्टँडमागं माझं दुकान,
लाकडी खांबांवर उभं, खाली समुद्राची ये-जा.
फळ्यांच्या फटीतून निसटलेले नट
ओहोटी लागली की उतरून वेचतो.
सगळे सापडत नाहीत.

ओर्फेलिना बार्रिया सायकल घेऊन आली
ती नाठाळ वासराचं दावं धरावं तशी.
"आरिकाला पाठवायचीय. पोराकडं.
बंदरावर ट्रक धुतो, अकरा किलोमीटर चालत जातो.
विमानाचं भाडं विचारलं मी,
तेवढ्यात दुसरी सायकल येते."

बसनं जाते, म्हटलं.
इथल्या बेटावरून देशाच्या पार वरच्या टोकाला,
आधी फेरीबोट, मग दोनदा गाडी बदलून.
पण पंधरा किलोच्या आत बसली तर.
एक गुंज जरी वर गेली
की दरपत्रकातला पुढचा रकाना,
आणि तो मासळी सोलणाऱ्या बाईसाठी छापलेला नाही.

फ्रीजवाल्याकडून खोकं मागून आणलं.
त्यावर बाण : ही बाजू वर.
सुट्या सायकलीला वर काय नि खाली काय!
डावं पॅडल उलटं फिरतं.
चाळीस वर्षं ठाऊक आहे,
तरी हात दरवेळी आधी सरळच जातो.
पुढचं चाक काढून कुशीला बांधलं,
फोर्कच्या दोन बोटांत ठोकळा दिला,
वर कुणी बटाट्याची पोती रचली तरी मिटू नयेत.
हँडल वळवून नळीला लावलं,
पंखात मान खुपसलेल्या कोंबडीसारखं.
टायरची हवा सोडताना ती म्हणाली,
"हवेलाही भाडं पडतं का?"
मी हसलो नाही. तिनं खरंच विचारलं होतं.

काटा म्हणाला पंधरा किलो सातशे.

चिखल तर मी खरवडला होता.
स्टँड काढलं होतं, घंटी तिनं स्वतः खिशात टाकली होती.
मग वास आला. धुराचा, खाऱ्या पाण्याचा.
गिअरभोवती गुंडाळलेल्या लोकरी मोज्यांत
धुरावर सुकवलेल्या शिंपल्यांच्या माळा.
"ते पॅकिंगच आहे," ती म्हणाली,
माझ्याकडं न बघता.

माळा बाहेर. पंधरा किलो दोनशे.
आणि घोडं तिथंच अडलं.
सीट काढू? बिनसीटची सायकल कुणाला हवी!
चिकटपट्टी सोलून सोलून किती सोलणार?
सहाची गाडी भोंगा वाजवून निघून गेली.
मी रागानं खोक्याला कोपरानं ढोसलं,
तर पुठ्ठा आत दबला, भिजल्या पावासारखा.

फ्रीजवाल्याचं गोदाम गळतं, हे मला कळायला हवं होतं.
आम्ही सायकल नव्हतो तोलत,
या बेटाची ओल तोलत होतो.

खोकं उघडून चुलीजवळ उभं केलं,
रात्रभर लाकूड घालत राहिलो.
किती जळालं त्याचा हिशेब मी केला नाही,
तिनं केला, ओठांतल्या ओठांत.
पुठ्ठ्याला वाफ सुटली.
ती खुर्चीत बसल्या बसल्या झोपली,
मांडीवर माळा, मुठीत घंटी.

सकाळी : चौदा किलो नऊशे चाळीस.

मी दोरी आवळायला घेतली.
"थांबा," ती म्हणाली. "साठ ग्रॅम उरतात."
माळेतून एक-एक शिंपला काढून
काट्यावर ठेवत गेली, सोनाराकडं बसावं तशी.
सहा बसले. सातव्याला काटा हलला,
तो तिनं उचलून माझ्या हातावर ठेवला.

खिडकीतल्या पोरानं वजन बघितलंसुद्धा नाही.
शिक्का मारला, खोकं आडवं ढकललं,
बाण थेट जमिनीकडं.
ओर्फेलिनानं तोंड उघडलं आणि मिटलं.

बस मागं सरत होती.
मी शिंपला चघळत उभा होतो.
मीठ जरा जास्तच होतं.