कळवले, कळले

सोहारच्या लेबर ऑफिससमोर माझं टायपिंगचं दुकान.
एसी गळतो तिथे मिल्क पावडरचा रिकामा डबा.
रांगेतला सातवा, अनंत कोळथरकर, पाइप फिटर,
टेबलाला हात टेकून म्हणतो,
दादा, मी फरार आहे म्हणे.

स्क्रीनवर खरंच तसं आहे.
कंपनीने एक बटण दाबलं
आणि हा एकवीस तारखेपासून पळालेला.
एकवीसला तो सरकारी इस्पितळात, वॉर्ड चार,
मूतखड्याच्या कळांनी उशी चावत होता.
डिस्चार्जचा कागद आणलाय, घामाने घड्यांवर फाटलेला.

परिपत्रक सांगतं : हरकत तीस दिवसांत,
कळवल्याच्या तारखेपासून.
कळवलं होतं ना. मेसेज गेला होता
त्याच्या नावच्या सिमवर,
जे पहिल्या दिवसापासून फोरमनच्या ड्रॉवरमध्ये आहे.
आज एकेचाळिसावा दिवस.
आज कळलं.

एका 'व'चा फरक.
त्यात अकरा दिवस गेले, व्हिसा गेला,
बहिणीच्या नर्सिंगची फी गेली.
अरबीत हे दोन शब्द
एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे नसतात,
तरी फॉर्मवर रकाना एकच.

खिडकीतला सुहैल वाईट माणूस नाही.
चहा पिताना म्हणाला होता,
मजलिसमध्ये एकाने विचारलं होतं,
त्या माणसाला आधी विचारता का?
उत्तर आलं, हा कायदा नाही, परिपत्रक आहे.
म्हणजे मजलिसच्या दारातून ते गेलंच नव्हतं,
आमच्या दारातून मात्र रोज जातं.

आमची गावकी काही देव नव्हे.
पण वाळीत टाकायचं झालं तरी
आधी बैठक बसायची,
माणसाला उभं करून म्हणायचे, बोल.
मग टाकायचे वाळीत, तो भाग वेगळा.

मी कारणाच्या रकान्यात टाइप केलं :
अर्जदाराला कोणी विचारलेलं नाही.
चाळीस अक्षरांची मर्यादा,
मशीनने शेवटचा शब्द कापला.
पुन्हा लिहिलं, आखडून.
सुहैलने वाचलं, थांबला,
शिक्का मारला : 'मिळाले'.

आता काय, अनंतने विचारलं.
कळवतील, म्हटलं.
कुठे?
नंबर मी माझाच घातला होता.

तेव्हापासून फोन उशाशी घेऊन झोपतो.
रात्री दोनला थरथरतो तो,
उठून बघतो,
रिचार्जची ऑफर.