परत केलेलं परत

तक्रार आली तेव्हा कायानीत दुपारचे तीन वाजले होते
आणि दिवस संपला होता.
डिसेंबरात इथे उजेड हजेरीपुरता येतो,
सही करतो, बसत नाही.

क्लाक्स्विकहून रोई नावाचा माणूस लिहितो:
फेरीबोटीच्या इंजिनात एकतीस वर्षं काढली, आता घरी असतो.
तुमच्याकडून एक खेळ उतरवून घेतला.
जाहिरातीच्या चित्रात दीपगृह आहे.
मी चाळीस तास चाललो.
दीपगृह नाही.
एकशे एकोणचाळीस क्रोनर परत करा.
आणि खाली, वेगळ्या ओळीत:
किनारा मात्र छान केलाय.

नियम मला झोपेतून उठवलं तरी येतो.
चौदा दिवसांच्या आत. दोन तासांहून कमी खेळलेला.
ही दोन वाक्यं मी दिवसाला साठ वेळा पाठवते,
आधी "आपली निराशा आम्ही समजू शकतो",
शेवटी माझं नाव, तूइरे,
इकडे कुणी माणूस बसलंय असं वाटावं म्हणून.

लोक काय काय लिहितात.
मांजर कीबोर्डवरून गेलं आणि खरेदी झाली.
घोडा तिरका पळतो.
माझ्या पाच वर्षांच्या मुलाने चुकून घेतला
(आणि एकशे दहा तास चुकून लढाई केली).
एकाने नुसतं लिहिलं, कंटाळा आला.
त्याला पैसे मिळाले.
एक तास बावन्न मिनिटांत कंटाळला होता, नियमात बसला.

पहिल्या घासाला उठला त्याला ताटाचे पैसे परत.
शेवटी काहीतरी गोड येईल म्हणून
जो बसून राहिला, त्याला नाही.

रोईचं उत्तर लिहिलं. पाठवलं नाही.

रविवारी घरी तोच खेळ उतरवून घेतला.
पट्टी भरेपर्यंत बटाटे सोलून झाले.
राखाडी किनारा. दगड ओले वाटावेत इतके चांगले.
गवत वाऱ्याच्या उलट झुकलेलं.
बोटीवरच्या माणसाला ते दिसलं असणारच,
त्याने तक्रारीत धरलं नाही.
रात्री दोनपर्यंत चालले.
टेकडीमागे टेकडी, तिच्यामागे टेकडी,
मग जग संपतं, सुरीने कापल्यासारखं,
आणि खाली नुसता निळा रंग.

खेळ करणारा पोर्तोत राहतो, अन्सेल्मु, एकटाच.
त्याला विचारलं. तासाभरात लिहिलं त्याने:
दीपगृह होतं. आतला जिनाही.
एकशे बारा पायऱ्या, त्यातल्या नव्वद झाल्या होत्या.
मग भाडं थकलं, आणि आहे तेवढं विकायला काढलं.
चित्र आधीच झालं होतं. ते काढून टाकायला हात धजला नाही.
त्यांचे पैसे द्या. माझ्या हिश्शातून द्या.

अपवादाच्या चौकटीत कारण भरावं लागतं.
मी लिहिलं: माल अपुरा.
मेर्वीने वर न बघता मंजूर केलं.

तीन दिवसांनी रोई पुन्हा.
पैसे आले. ते त्या पोराच्या खिशातून घेतलेत
हे आधी सांगायला काय झालं होतं?
मला वाटलं तुमच्या कंपनीचे.
त्याला परत पाठवा. बावीसच पायऱ्या उरल्यात.
दिवा कसा फिरतो ते त्याला ठाऊक नसेल तर मला विचारायला सांगा.

मी पडदा वरपासून खालपर्यंत चाळला.
परत केलेलं परत घ्यायचं बटण नाही.
हेलसिंकीला फोन केला. तिथला मुलगा म्हणाला,
असं कुणी मागितलंच नाही आजवर,
आणि मग, तुम्ही थट्टा करताय का?

तक्रार उघडीच आहे.
अठ्ठेचाळीस तास झाले की यादीत नाव लाल होतं.
मेर्वी दोनदा म्हणाली, बंद कर.
दोनदा म्हटलं, पलीकडून उत्तर यायचंय.
पलीकडून म्हणजे कुठून, हे तिने विचारलं नाही,
आणि मलाही नीट सांगता आलं नसतं.

काल पोर्तोहून एक छोटी फाइल आली.
नाव फक्त: ९१.
मी उघडली नाही.
क्लाक्स्विकला पाठवून दिली, नियमाची वाक्यं न जोडता,
आणि खाली नाव लिहायचं राहून गेलं.