साच्यातले तीन बाण

अंबडला साचे कोरतो मी, एकोणीस वर्षं.
द्राक्षांच्या डब्याच्या बुडाशी तीन बाण,
एकामागे एक धावणारे, मधे आकडा.
शेठ म्हणाले, जरा मोठे काढ,
गिऱ्हाईकाला बरं वाटतं.
डबा दोन थरांचा, मेले तरी न सुटणारे.
ते बाणांत कुठं दिसतं.
अर्ध्या मिलिमीटरचं काम. काढले.

परवा जुना मिक्सर विकायला भद्रकालीत गेलो.
ढिगात कौसाबाई निवडत बसलेली.
अक्षर येत नाही तिला.
बाटली चुरगाळते, कान देते,
नखानं ओरखडते,
शंका आलीच तर काडी लावून धूर हुंगते,
मेणबत्तीचा वास आला की पोत्यात.

मग माझा डबा तिच्या हातात.
ओळखला मी लगेच,
डाव्या बाणाच्या टोकाशी कोरणी घसरलेली.
तिनं उलटासुद्धा केला नाही.
भिरकावला मागे,
घंटागाडीतून पाथर्डीच्या डेपोला जाणाऱ्या ढिगात.

अहो मावशी, खाली बाण आहेत की!
"असतात," ती म्हणाली, हात न थांबवता.
"उदबत्तीच्या पुड्यावर गणपती असतो.
भाव पुठ्ठ्याचाच मिळतो."

मिक्सरचे साठ रुपये आले.

सोमवारी नवा साचा टेबलावर,
चिवड्याचा डबा,
बुडाशी पेन्सिलीनं आखलेला त्रिकोण.
दिवा जवळ ओढला. चष्मा पुसला.
या वेळी टोक घसरलं नाही.