सात हौद

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
बंद पडलेल्या चौथ्या मागावर
मी एफपीजीए बोर्ड मांडलाय.
खाली पुठ्ठा, बाजूला टेबलफॅन,
खिडकीला ओलं पोतं. बाहेर त्रेचाळीस.

नायना विचारतात, यात काय विणणार?

टॉवेलच्या बासष्ट शेड आपल्या.
कुठली कुणासोबत एका हौदात धुवायची नाही
ते गुंडेटी रंगाऱ्याच्या वहीत आहे.
मरून जवळजवळ कुणाशीच नको.
मोरपंखी लिंबोणीवर उतरतो.
राखाडी बिचारा कुठंही खपतो.
एकेक शेड म्हणजे ठिपका,
एकेक भांडण म्हणजे रेघ.
भिंतीवर काढलं तर
कांडी सुटून झालेला गुंता दिसतो.
आता सांगा, कमीत कमी किती हौद?

आठ, म्हणाले. गुंडेटी आठ भरायचा. तीस वर्षं.

लॅपटॉप तीन रात्री तापला.
तो एकटा कामगार:
एक रेघ उचलतो, बघतो, ठेवतो,
दुसरी उचलतो.
कामसू आहे. हात दोनच.

या बोर्डात कामगारच नाही.
हुकूम वाचायला आत कुणी बसलेलं नाही.
प्रश्नच तारांत विणून घालायचा,
भांडण तिथं तार,
मग घड्याळाच्या एका ठोक्याला
सगळ्या रेघा एकदम बोलतात.

नायना हसले नाहीत.
माळ्यावरून जेकार्डच्या पुठ्ठ्यांची माळ काढली,
स्वतः भोकं पाडलेली. कमळ, दोन मोर.
'भोक तिथं हूक वर. एका ठोक्याला चारशे.
तू नवीन काय केलंस मग?'

काही नाही.
फक्त ठोके सेकंदाला दहा कोटी.

'पण माग पळाला म्हणून
सूत कमी लागत नाही, पोरी.'

खरंय. आणखी वीस शेड आल्या
तर हाही रात्र रात्र बसेल.
कठीण ते कठीणच. आपण फक्त
भिंत जरा पुढे ढकलतो.

अकरा सेकंदांत सात आले.
यादीवर बोट ठेवत नायना
बासष्ट ओळी उतरले,
मधेच थांबले.
'राणी आणि आकाशी एका हौदात?'
वहीत रेघ नाही, मी म्हटलं.
'नसणारच. ते लिहायचं कशाला?
सगळ्यांना ठाऊक होतं.'

एक रेघ वाढली
की तारा पुन्हा भरायच्या.
नवा ताणा. चाळीस मिनिटं.
पंखा बोर्डाकडे वळवून बसलो दोघं.
नायनांना आणखी एक आठवलं,
मग आणखी एक,
मी पेन्सिलीनं रेघा ओढत राहिले,
सातावर माझा भरवसा उरला नव्हता,
आठावर त्यांचाही.

'गुंडेटीची मुलगी विडी घरकुलात राहते,' म्हणाले,
'तिला फोन लाव.
विचार, पोपटी कुणाशेजारी बसायचा.'