पान चाळीस

खून बाराव्या पानावर होतो.
तोवर लिंबाचं लोणचं मुरत घातलेलं असतं,
पोस्टातून निवृत्त झालेल्या कुमुदबाईंनी
स्वेटरची बाही काखेपर्यंत आणलेली असते
आणि त्यांचा टपाल, एक कान उभा, एक पडका,
जुन्या टपालपिशवीवर घोरत असतो.
मग कुणीतरी मरतं. बहुतेक वेळा सावकार.
गावात कुणी फार रडत नाही.
मीही नाही. ओठात सुई धरून पान उलटते.

चौदा भाग झाले मालिकेचे.
खणभागातल्या माझ्या दुकानात, कात्रीशेजारी
एक भाग कायम पालथा पडलेला.
उज्ज्वला चौगुले म्हणतात, "खुनी सापडल्यावरच
मिळणार काय ओ माझा ब्लाऊज?"
हो, असं तोंडावर म्हणता येत नाही.
"उद्या," म्हणते.

खरं सांगू? खुनी कोण, याची मला घाई नसते.
शेवटचं पान मी आधीच उघडते, चोरून,
टपाल त्यात आहे ना, एवढंच बघायला.
असतो. बशीतला चहा पीत असतो.
मग परत बाराव्या पानावर येते
आणि बिनघोर घाबरते.

माझा बटण मशीनच्या पायडलवर हनुवटी टाकून पडलेला.
मशीन चाललं की त्याचं डोकं
टाक्याटाक्याला हो म्हणतं.
त्यानं आजवर एकही गुन्हा सोडवलेला नाही.
केलेत मात्र बरेच:
एक इंची टेप, खांद्याचे दोन पॅड,
चौगुल्यांच्या अस्तराचा कोपरा.

तर, पान चाळीस.
तिथं समासात, प्रत्येक भागात,
कुणीतरी शिसपेन्सिलीनं नाव लिहून ठेवतं.
"माळी."
पुढच्या भागात, "कंपाउंडर. नक्की."
पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून
अर्धा तास नुसती हुक लावत बसले.
वाचनालयाची पुस्तकं ही अशी,
कुणाच्या तरी मेल्याच्या हाताची खाज.

आणि शेवटी निघाली भाची!
माळी बिचारा शेवटपर्यंत गुलाबाला शेणखत घालत होता.
चौदाच्या चौदा नावं चूक.
आठव्यात तर ज्याच्यावर संशय,
तो पन्नासाव्या पानावर स्वतःच मेला.
इतक्या निष्ठेनं चुकणारं माणूस
मला एकदा बघायचंच होतं.

पुरावा एकच. पानाच्या कोपऱ्यावर पिवळा अंगठा.
कुमुदबाईंनी भिंग काढलं असतं.
मी पुस्तक बटणच्या नाकाशी धरलं.
तो शिंकला. तीनदा.
सांगलीत यावर आणखी काय डोकं चालवायचं?

सौदे उरकल्यावर मार्केट यार्डात गेलो आम्ही दोघं,
तो शिंकत पुढं, मी नाकाला पदर लावून मागं.
हळदीची पोती, पोत्यांमागं पोती,
आणि तोलकाट्याच्या आडोशाला
पिवळ्या पापण्यांचा एक म्हातारा,
कानावर पेन्सिल, हातात तेरावा भाग.
दुसऱ्यांदा वाचत होता.
"दस्तगीरचाचा, गाडी लागली!"
"थांब रे जरा," चाचा म्हणाले, "इथं माणूस मेलंय."

बटणनं सगळं सांगूनच टाकलं असतं,
शेपूट तशी हलत होती.
मूठभर भडंग मिळालं त्याला.
मीच आरोपी असल्यासारखी मागच्या मागं वळले.

काल पंधरावा भाग आला. नंबर माझा आधी लागला.
पान चाळीसचा समास कोराकरकरीत,
असा कोरा मी कधी बघितलाच नव्हता.
पेन्सिल नव्हती हाताशी.
कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूनं लिहिलं:
"टपालला काही होत नाही. सावकाश चुका."

खडूच तो, पुसला तर पुसला.
चौगुलेबाई दारात उभ्या आहेत
आणि बटणच्या तोंडात काहीतरी
त्यांच्याच रंगाचं दिसतंय.